पिरंगुटच्या वाटेवरचे श्वाननिवास : ‘बाळ’ म्हणणाऱ्यांच्या हाती कुत्रे सोपवताना

कुत्र्याला काही दिवस परक्या हाती सोपवण्याची वेळ आली, तर पुण्यात आज पर्यायांची वाण नाही. बावधन, पिरंगुट, वाघोली, उंड्री अशा शहराच्या कडेच्या भागांत श्वाननिवास पुष्कळ निघाले आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर, पत्रकांवर व भिंतींवर साधारण एकच भाषा आढळते : कुत्र्यांना ‘मुले’ म्हणतात, त्यांना घेऊन येणाऱ्यांना ‘आई-बाबा’ म्हणतात आणि राहण्याच्या जागेला ‘आजोळ’. पिरंगुटच्या वाटेवरील अशाच एका श्वाननिवासात आम्ही आमच्या ठमीला गेल्या दिवाळीत अमरावतीला जाताना ठेवले, आणि त्यानंतर पावसाळ्यातही ठेवले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. ठिकाणाचे नाव मी दिलेले नाही; येथे नोंदवलेल्या उणिवा एका संस्थेच्या माथी मारण्यापेक्षा, कोणत्याही श्वाननिवासात कुत्रे ठेवण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे हे वाचकाच्या हाती लागावे, ही माझी इच्छा आहे.

ठमी ही रस्त्यावर जन्मलेली, तांबूस रंगाची गावठी कुत्री आहे. ती फटाक्यांना घाबरते, अनोळखी पुरुषाचा हात डोक्यावर आला की अंग चोरते, आणि ताटात भात नुसता वाढला तर हुंगून बाजूला होते. घरात तिला मी ‘पोरी’ म्हणतो, पत्नी ‘ठमाबाई’ म्हणते आणि माझी आई, जिने पहिल्या दिवशी तिला उंबऱ्याच्या आत घेण्यास विरोध केला होता, ती आता तिला ‘बया’ म्हणून हाक मारल्याशिवाय स्वतः जेवायला बसत नाही. त्यामुळे जनावराला माणसाच्या नात्याने हाक मारण्याबद्दल माझ्या मनात कोणतीही अढी नाही. ती हाक मला योग्य वाटते, आवश्यकही वाटते. मात्र जी संस्था पैसे घेऊन ‘तुमच्या बाळाला आम्ही बाळासारखे सांभाळू’ असे म्हणते, तिच्या बाबतीत त्या हाकेमागे काय उभे आहे हे तपासणे आपले काम आहे, आणि हे परीक्षण मी प्रामुख्याने त्याच अंगाने लिहीत आहे.

प्रवेशाच्या वेळचा अनुभव अतिशय चांगला होता. फाटकाशी आलेला विशीतला मुलगा ठमीच्या समोर न येता तिच्या बाजूला, तिच्याकडे पाठ अर्धवट वळवून, उकिडवा बसला. हात जमिनीवर ठेवला आणि ‘ये गं बाळा, काही घाई नाही’ असे हळू म्हणून गप्प राहिला. ठमीने बराच वेळ घेतला, दोनदा माझ्या पायामागे गेली, आणि शेवटी त्याच्या मनगटाशी नाक नेले. त्यानंतरही त्याने तिच्या डोक्यावर हात न ठेवता छातीपाशी खाजवले. कुत्र्याशी ओळख करून घेण्याची हीच योग्य रीत आहे आणि ती त्याला कोणीतरी नीट शिकवलेली होती. पुढे त्याने लसीकरणाचे पुस्तक पाहिले, रेबीजची लस वर्षाच्या आत दिलेली आहे याची तारीख वाचून खात्री केली, डिस्टेंपर, पार्व्हो व लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसींच्या नोंदी वहीत उतरवल्या, आणि मग कानांच्या आत, मानेखाली व पायांच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का हे बोटांनी चाचपून पाहिले. एका कुत्र्याच्या अंगावरून आलेल्या गोचिडीमुळे दुसऱ्याला ताप येऊन रक्तातील पेशी झपाट्याने कमी होऊ शकतात, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे त्यांना या चाचपणीचे मोल सांगावे लागणार नाही. हे सगळे करताना त्याच्या तोंडी ‘बाळा’, ‘शहाणी गं माझी’ हे शब्द चालूच होते.

अशा लाडिक बोलण्याचा कुत्र्याला काही उपयोग होतो का, या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, लाडाच्या चढ्या सुरात आणि कुत्र्याच्या रोजच्या जगातील विषयांवर, म्हणजे फिरायला जाण्याबद्दल किंवा कौतुकाचे, बोलणाऱ्या माणसाजवळ थांबणे मोठी कुत्रीही पसंत करतात. दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात, नुसता सूर किंवा नुसता आशय तेवढा परिणाम करत नाही. त्यामुळे त्या मुलाच्या बोलण्याला मी केवळ गिऱ्हाईकाला खूश करण्याची युक्ती मानत नाही. तो आवाज ठमीसाठी होता, आणि तिने शेपूट सैल सोडून त्याची पोच दिली.

माझे आजोळ वऱ्हाडातले. तेथे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन आणल्यावर त्यांचे खांदे शेकले जात. गरम पाणी, तूप आणि हळद, आणि ते लावायला पळसाचे पान. आजोबा सर्जाच्या वशिंडापुढची जागा, जेथे जू टेकते ती, तळहाताने दाबून पाहत. कातडी कोठे जाड झाली आहे, कोठे सोलवटली आहे हे त्यांच्या हाताला कळत असे. मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणत, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ घरच्या पाहुण्याला द्यावे तसे जेवणाचे निमंत्रण, तेही आदरार्थी बहुवचनात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्रावणातल्या अमावस्येला, त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही हा दंडक होता आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. बैलाला ‘या’ म्हणणारा तो माणूस बैलाच्या खुरांबद्दल, पचनाबद्दल आणि खांद्यांबद्दल जे जाणत होता ते एखाद्या पशुवैद्याला ऐकवण्याजोगे होते. आदराचा शब्द आणि अंगाचे ज्ञान ही दोन्ही त्याच्याकडे एकाच वेळी नांदत होती. श्वाननिवासाकडून माझी अपेक्षा याहून वेगळी नाही, आणि तिची पूर्तता मला तेथील एका मावशींमध्ये दिसली.

या मावशी मुळशीच्या एका गावातून रोज सकाळी येतात. त्या आधी म्हशी राखत असत. आत राहणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला त्या ‘लेकरू’ म्हणतात, आणि प्रत्येकाची प्रकृती त्यांना वेगवेगळी ठाऊक असते. ठमीच्या पहिल्या दोन सकाळी त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितले : ‘लेकरानं रात्री पाणी पिलं, भाकरी निम्मी ठेवली, शी थोडी पातळ आहे पर आव न्हाई, रक्त न्हाई. नव्या जागेचं हाय, बसेल.’ यात लाड आहे आणि डॉक्टरला हवी ती प्रत्येक गोष्टही आहे. तिसऱ्या दिवशी शी बसली. एका म्हाताऱ्या लॅब्राडॉरच्या कपाळाला हात लावून ‘याला ताप आहे’ असे एक नवखा मुलगा म्हणाला, तेव्हा मावशींनी त्याला तापमापक आणायला लावले. कुत्र्याचे शरीर मुळातच माणसापेक्षा गरम असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान. आपल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून ताप ओळखण्याची आपली सवय येथे फसते, आणि हे ज्ञान नसलेला प्रेमळ माणूस निरोगी कुत्र्याला औषध पाजून मोकळा होऊ शकतो. माणसाची तापाची साधी गोळी मांजराला तर जीवघेणी ठरते. मावशींना तापमापकावरचे आकडे वाचता येत नाहीत. त्या ते मुलाकडून वाचून घेतात, परंतु तापमापक लावलाच पाहिजे हा आग्रह त्यांचा असतो.

स्वयंपाकघरात हीच शिस्त भिंतीवर लिहिलेली आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ आत आणण्यास मनाई आहे. दिवाळीत एका कुटुंबाने आपल्या कुत्र्यासाठी बेदाणे घातलेला शिरा डब्यातून पाठवला, ‘त्याला सणाचे गोड मिळालेच पाहिजे’ म्हणून. मावशींनी तो घेतला नाही. देणाऱ्या बाईंना वाईट वाटले, आणि त्यांचे वाईट वाटणे मी समजू शकतो; ज्याला मुलगा म्हटले त्याला दिवाळीत वगळणे अवघड जाते. परंतु द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्याने कोणाला बाधेल याचा नेम नसतो. त्या क्षणी नकार देणारी मावशी त्या कुत्र्याच्या अधिक जवळची होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण निर्जीव वस्तूंनाही असेच बोलावतो. दसऱ्याला दुचाकीला हार घालतो, नव्या मोटारीला ‘लक्ष्मी’ म्हणून घरात घेतो, एसटीला सारा महाराष्ट्र ‘लालपरी’ म्हणतो, आणि डेक्कन क्वीनचा वाढदिवस दर १ जूनला पुणे स्थानकावर केक कापून साजरा होतो. यात मला गोडवाच दिसतो. ज्या यंत्राने आपल्याला वर्षानुवर्षे नेले-आणले त्याविषयी कृतज्ञता बोलून दाखवण्यात कोणाचे काही बिघडत नाही, कारण मोटारीला ‘लक्ष्मी’ म्हटल्याने तिच्यात तेलाऐवजी दूध ओतण्याची बुद्धी कोणाला होत नाही. जनावराच्या बाबतीत तसे नाही. त्याला मूल म्हटले की मुलाचे खाणे, मुलाचे कपडे, मुलाचे मन त्याच्यावर लादले जाण्याचा मोह खरा असतो, आणि त्याची किंमत त्या मुक्या जिवाला मोजावी लागते. या श्वाननिवासातील माझ्या तक्रारी याच ठिकाणच्या आहेत.

पहिली तक्रार संदेशांची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. रोज संध्याकाळी कार्यालयातून प्रत्येक घराला छायाचित्रासह एक संदेश जातो. तो कुत्र्याच्या तोंडून लिहिलेला असतो : ‘आई-बाबा, मी आज खूप मजा केली, नवे मित्र झाले, छान जेवले, तुमची आठवण येते पण मी रडत नाही.’ वाचायला हे सुखद असते आणि दूरगावी असलेल्या माणसाचा जीव त्याने शांत होतो. दिवाळीच्या मुख्य दोन रात्री ठमीच्या नावाने असाच संदेश आला. परत आल्यावर मी तिच्या खोलीच्या दाराला लावलेला रोजचा कागद पाहिला, तेव्हा त्या दोन्ही दिवशी ‘संध्याकाळचे खाणे घेतले नाही, कोपऱ्यात थरथरत होती, मावशी रात्री जवळ बसल्या’ अशी नोंद मला मिळाली. काळजी उत्तम घेतली गेली होती. मावशी त्या रात्री घरी गेल्या नाहीत, हे मला या नोंदीतूनच कळले. तरीही मला कळवले गेले ते ‘छान जेवले’. विचारल्यावर व्यवस्थापकांनी सांगितले की कार्यालयातील मुलगी ठरावीक मजकुरातून संदेश निवडते आणि तिने कागद पाहिला नव्हता.

मी हा प्रकार फसवणूक मानत नाही, परंतु कुत्र्याच्या नावाने बोलण्यात हा धोका अंगभूत आहे. माणसाने माणसाच्या नावाने लिहिले असते, ‘ठमीने आज खाल्ले नाही’, तर त्या वाक्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहिली असती. ‘मी छान जेवले’ या वाक्याचा बोलणारा कोणीच नसतो. ठमीला ते खोडून काढता येत नाही. जिला बोलता येत नाही तिच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार मी कोणालाही, स्वतःलाही, तिच्या प्रकृतीच्या बाबतीत देणार नाही. पावसाळ्यात ठेवताना मी लेखी विनंती केली की आम्हाला असे संदेश नकोत. किती खाल्ले, किती पाणी प्यायली, शी कशी होती, किती चालली, एवढे साध्या शब्दांत कळवावे. त्यांनी ते मान्य केले आणि पाळले. इतर घरांना मात्र अजून जुन्याच पद्धतीचे संदेश जातात, आणि ते बदलावेत असे मला कळकळीने वाटते.

दुसरी तक्रार भिंतीवरील छायाचित्रांची. एका कुत्र्याने गादी फाडली होती. त्याच्या गळ्यात ‘सॉरी, पुन्हा असे करणार नाही’ अशी पाटी अडकवून त्याचे छायाचित्र काढले होते. कान मागे, मान खाली, डोळ्यांचे पांढरे दिसते आहे. पाहणारे ‘किती शहाणा, चूक कळली त्याला’ असे म्हणत होते. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहे. मालक बाहेर गेल्यावर मना केलेला खाऊ कधी कुत्र्याने खाल्ला, कधी खाल्लाच नाही, आणि मालकांना कधी खरे सांगितले गेले, कधी खोटे. ज्याला आपण अपराधी चेहरा म्हणतो तो, कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत असे, आणि निरपराध कुत्र्यांना रागावले तेव्हा तो उलट अधिकच दिसला. म्हणजे त्या छायाचित्रातील कुत्रा ओरडण्याला भ्यालेला होता. एकटेपणाच्या धास्तीने किंवा कंटाळ्याने कुत्री पुष्कळदा गाद्या फाडतात. अशा कुत्र्याला अधिक वेळ सोबत, चघळायला काही आणि थकवणारा फेरफटका यांची गरज असते. त्याच्यात माणसाचा पश्चात्ताप पाहिला की उपाय शोधण्याचे कारणच उरत नाही.

वाढदिवसाच्या कार्यक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो. जादा पैसे भरल्यास टोपी, झगा, केक आणि इतर कुत्र्यांसह छायाचित्र असा तो असतो. केक कुत्र्यांना चालणाऱ्या पदार्थांचा असतो, त्यात दोष नाही. टोपीची रबरी पट्टी गळ्याखाली घट्ट बसते आणि झग्यात कुत्रा आखडून उभा राहतो. मी पाहिलेल्या कार्यक्रमात उत्सवमूर्ती वारंवार जांभया देत होती आणि ओठ चाटत होती, जी अस्वस्थतेची चिन्हे आहेत, आणि उपस्थित मंडळी ‘लाजली गं’ म्हणत होती. तोच पैसा आणि तोच अर्धा तास मागच्या माळावर लांब दोरीने मनसोक्त हुंगत फिरवण्यात घातला, तर कुत्र्याचा दिवस खरोखर साजरा होईल. ही सूचना मी त्यांच्या वहीत लिहून आलो आहे.

आता अर्जाविषयी, ज्याकडे बहुतेक जण पाहत नाहीत. चार पानी अर्जाच्या पहिल्या पानावर ‘बाळाचे नाव’, ‘पालकांचे नाव’, ‘बाळाच्या आवडीनिवडी’ असे रकाने आहेत. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, भाषा बदलते : प्राण्यास इजा अथवा मृत्यू झाल्यास संस्थेची जबाबदारी ‘मालकाने सादर केलेल्या पावतीवरील खरेदी किमतीपुरती’ मर्यादित राहील. ठमीची पावती नाही. ती एका दुकानाच्या पायरीखाली भिजत सापडली होती. या कलमानुसार तिची किंमत शून्य ठरते. पहिल्या पानावर जिला लेक म्हटले तिला चौथ्या पानावर बिनकिमती वस्तू ठरवले जाते, आणि दोन्हींवर आपण एकाच पेनाने सही करतो, हे मला अतिशय खटकले.

कायद्याची स्थिती या बाबतीत स्पष्ट आहे आणि ती माहीत असलेली बरी. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये, मरीन ड्राइव्हवर दुचाकीची धडक बसून एक रस्त्यावरचा कुत्रा मेल्याच्या प्रकरणात, दुचाकीस्वारावरील गुन्हा रद्द केला. कुत्र्या-मांजरांना पाळणारे त्यांना अपत्यासारखे किंवा घरातल्या माणसासारखे मानत असले तरी ती माणसे नव्हेत, आणि मानवी जीव धोक्यात घालण्याविषयीची तत्कालीन भारतीय दंड संहितेची कलमे त्यांच्या बाबतीत लावता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले; त्या तरुणाला २०,००० रुपये खर्च देण्याचाही शासनाला आदेश दिला. निकाल कायद्याच्या शब्दाला धरून आहे आणि मला तो योग्य वाटतो. परंतु जनावर माणूस नाही म्हणून ते निव्वळ वस्तू ठरते असेही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ३ असे सांगते की, ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली प्राणी आहे त्या प्रत्येकाने त्याच्या कल्याणासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत. हे कर्तव्य मालकापुरते मर्यादित नाही. ज्या दिवशी कुत्रे श्वाननिवासाच्या फाटकाच्या आत जाते त्या दिवसापासून हे कर्तव्य श्वाननिवासाचेही असते, पावती असो वा नसो. याच अधिनियमात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंतच दंड आहे, ही आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि म्हणूनच करारातले शब्द नीट वाचून घेण्याला अधिक महत्त्व येते.

व्यवस्थापकांशी मी अर्जातील त्या खरेदी किमतीच्या कलमाबद्दल बोललो. त्यांनी वाद घातला नाही. ‘वकिलाने दिलेला मजकूर आहे, आम्ही कधी लक्षपूर्वक वाचला नाही,’ असे त्यांनी सरळ सांगितले, आणि आमच्या अर्जावर ते वाक्य खोडून त्याऐवजी असे लिहून दिले की, निवासाच्या हलगर्जीमुळे इजा झाल्यास उपचाराचा पूर्ण खर्च निवास करील, आणि आमच्याशी संपर्क न झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने शस्त्रक्रियेपर्यंतचा निर्णय घेण्याची मुभा त्यांना राहील. ही दुसरी गोष्ट मी सुचवलीच नव्हती. ती त्यांनी आपण होऊन घातली, आणि ती फार मोलाची आहे, कारण मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडला तर मालकाचा फोन लागेपर्यंत थांबण्यास वेळ नसतो. आपण अर्ज भरताना हे वाक्य आहे का ते पाहावे आणि नसल्यास लिहून घ्यावे.

जागेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खोल्या साध्या, कोटा फरशीच्या, दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या असलेल्या आहेत. पावसाळ्यात मागचे अंगण चिखलमय होते व त्या दिवसांत फिरणे कमी होते. मात्र साचलेल्या पाण्यात कुत्र्यांना सोडत नाहीत, कारण लेप्टोस्पायरोसिसची भीती उंदरांच्या मुतामुळे अशा पाण्यातच असते. दिवाळीत आतल्या बाजूच्या चार खोल्या फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी राखून ठेवतात, खिडक्यांवर जाड गोधड्या टाकतात आणि पंखे मोठ्या वेगाने चालू ठेवतात, म्हणजे त्या सततच्या आवाजात बाहेरचा धमाका काहीसा बुजतो. दर दिवसाला ८०० रुपये आणि दिवाळीत १,००० रुपये आहे. महापालिकेचा श्वान परवाना आणि लसीकरणाचे पुस्तक दोन्ही मागतात. प्रत्यक्ष ठेवण्यापूर्वी एक पूर्ण दिवस सोडून पाहण्याची अट आहे. ती टाळण्यासाठी गळ घालू नये, कारण त्या एका दिवसात कुत्र्याला परत घ्यायला येतात हे कळते आणि पुढचे दिवस त्याला सोपे जातात.

सहज बुजणाऱ्या, वयाने मोठ्या किंवा रोज औषध लागणाऱ्या कुत्र्यासाठी मी हे ठिकाण निःशंकपणे सुचवीन, मात्र मावशी त्या दिवसांत कामावर आहेत याची खात्री करून घ्यावी आणि संदेश साध्या शब्दांत पाठवण्यास सांगावे. दांडगट, तरुण आणि दिवसभर धावणाऱ्या कुत्र्याला येथील अंगण अपुरे पडेल. मांजरांसाठी त्यांनी अलीकडे एक खोली काढली आहे, ती कुत्र्यांच्या खोल्यांना लागून आहे आणि भुंकण्याचा आवाज तेथे थेट पोहोचतो. आमच्या मनीला मी तेथे ठेवलेले नाही. मांजराला आपल्या जागेचा, आपल्या वासांचा आधार फार लागतो, आणि ते घरीच राहून ओळखीच्या कोणी सकाळ-संध्याकाळ येऊन खाणे-पाणी व वाळूची पेटी पाहिली तर त्याला पुष्कळदा अधिक सोसते. आमच्या शेजारच्या काकू ते काम करतात. त्या मनीला ‘सूनबाई’ म्हणतात, आणि वाळूत मुताचे गोळे किती होते हे दर वेळी न चुकता सांगतात.